फड्या निवडुंगाचा धडा

फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. परंतु आपल्या माळरानावरही तो भर वैशाखात हिरवा दिसतो. असे का, याचा विचार करा. त्याचे जाड फडे आपण पाने समजतो; पण ती पाने नव्हत, ते त्याचे खोड होय. पानांचे काटे झाल्यामुळे उन्हाने पाणी फारसे उडून जात नाही, आणि अन्न तयार करण्याचे पानांचे काम हे खोडच करिते. पाऊस पडला म्हणजे ते आपल्या चिकट गरात पाणी साठविते. त्याच्या सालीवर मेणासारखा लेप असतो. तिची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात.

बंधूंनो, वैशाखात साठा करू म्हणणारे झाड वाचत नाही. मृगात केलेला साठाच त्यास तारितो. आपले काय? पीक चांगले आले म्हणजे प्रार्थना उद्यावर जाते. मग दुखणे किंवा दुष्काळ आला की अंतःकरण कोरडे आढळते. यास्तव कृपेचा पाऊस पडत आहे तोच प्रभूचे वचन अंतरी साठवा, आणि रात्रीच्या शांततेत त्याच्यापुढे आपले मन उघडा. म्हणजे संकटाच्या उन्हाळ्यात तुम्ही वाळणार नाही.