फडक्यावर ठेवलेली कट्यार

समोर एक स्वच्छ सुती फडके अंथरा. त्यावर जुनी म्हणून विकायला आणलेली एक कट्यार आहे, असे मनात धरा. प्रत्यक्ष असेल तर उत्तमच. हात लगेच पुढे करू नका. घेणाऱ्याचा हात डोळ्यांच्या आधी धावतो, आणि बनावट माल खपतो तो त्याच क्षणी.

दोन्ही हात मांडीवर राहू द्या. श्वास आपोआप संथ होईल, तोवर थांबा. मग स्वतःलाच विचारा : ही खरी निघावी असे मला किती वाटते आहे? उत्तर ‘फार’ असे आले तर आणखी थोडे बसा. त्या इच्छेची लाज वाटायचे कारण नाही, फक्त ती कुठे बसली आहे ते पाहून ठेवा.

माझी पहिली कट्यार मी पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, पिवळ्या दिव्याखाली घेतली. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, “सरदार घराण्यातली आहे. नाव सांगायला त्यांची हरकत आहे.” मी घेतले ते वाक्य. कट्यार मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी धरली, तेव्हा मुठीचा आडवा गज बाजूच्या पट्टीला जिथे मिळतो तिथे बारीक खवल्यांची रांग दिसली. नाण्यांची चळत आडवी कलंडावी तशी. विजेच्या वेल्डिंगचा टाका होता तो, वरून तांबेरा चढवून झाकलेला. त्या सकाळची शरम मला अजून आठवते, आणि तिनेच मला बघायला शिकवले.

तेव्हा तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कट्यारीचे टोक स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून ती उचला. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्या मध्ये दोन आडवे गज, आणि त्यांवर आवळलेली मूठ, अशी ही रचना. ठोसा मारावा तसा वार करायचे हत्यार हे. बऱ्याच जुन्या कट्यारींची मूठ आजच्या रुंद पंजाला आवळ होते. चार बोटे ऐसपैस मावली म्हणून ती खोटी ठरत नाही, पण मनात एक टाचण लावून ठेवा.

आता नजर वरच्या बाजूवर नको. मुठीच्या आत, पट्टीच्या आतल्या अंगाला न्या. कारागीर बाहेरची बाजू सजवतो, नकली माल करणाराही बाहेरचीच बाजू सजवतो. आत मात्र हत्यारे आपली पावले सोडून जातात. कानशीचे ओरखडे हाताप्रमाणे वळतात, कमीजास्त दाबाने उमटतात. ग्राइंडरच्या पट्ट्याचे ओरखडे एकमेकांना समांतर, एकाच खोलीचे. भिंग लावून घाई न करता पाहा.

तिथेच गंजही पाहून घ्या. काळाचा गंज काळपट तपकिरी असतो, कोपऱ्यात दाट आणि हात फिरे तिथे विरळ, कुठे खोल खड्डे, तर शेजारीच गुळगुळीत धातू. आम्लाने किंवा मीठपाण्याने आठवडाभरात आणलेला गंज नारिंगी असतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. फडक्यावर बोट पुसले तर त्याची पूड उतरते. प्रत्येक झिजेला कारण असते, हे मनाशी घोळवा. जिथे हात लागत नव्हता, म्यान घासत नव्हते, तिथे झीज का आहे? आणि जिथे तळवा रोज टेकत होता, तिथे नक्षी कोरी करकरीत कशी राहिली?

मुठीवर सोने असेल तर या प्रश्नापाशी अधिक वेळ बसा. कोफ्तगारीत पोलादावर आधी आडवेउभे बारीक चरे पाडतात आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजले की खालचे चरे उघडे पडतात, विणलेल्या कापडासारखे. मला ही जागा फार आवडते. सोने गेले तरी ते बसवणाऱ्या हाताची मेहनत तिथे शिल्लक असते. वीज वापरून दिलेला मुलामा किंवा सोनेरी रंग झिजला की खाली नुसते गुळगुळीत लोखंड दिसते. तरी सावध राहा. उदयपूरला कोफ्तगारीचे काम आजही होते आणि सुरेख होते. चरे दिसले म्हणजे काम हातचे आहे एवढेच कळते, ते किती जुने आहे हे कळत नाही. नवे काम नवे म्हणून विकणारा कारागीर मानाचाच आहे. खोटेपणा त्याच्या हातात नसतो, पुढे कोणीतरी ते जुने म्हणून सांगतो तिथे तो सुरू होतो.

आता पाते. कट्यार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि कडेने पाहा. चांगले जुने पाते जाडीत बदलत जाते, आणि चिलखत भेदायच्या कट्यारीचे टोक मुद्दाम जाड केलेले असते. पत्र्यातून कापलेले पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे असते, हातात मृत वाटते.

पात्यावर लाटांसारखे पाणी दिसत असेल तर मन भुलते, म्हणून इथे पुन्हा एक श्वास. दक्षिणेत, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या ठिकाणी, बंद मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची कीर्ती जगभर होती. त्याचे पाणी धातूच्या अंगातच असते. घासून काढले तरी आम्लाचा हात फिरवताच पुन्हा उमटते. आजकाल ‘दमास्कस’ म्हणून मिळणारी पाती बहुधा दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक ठोकून केलेली असतात. त्यांच्या रेघा ठळक, लांब, पुनःपुन्हा त्याच वळणाच्या. तेही कसबी काम आहे, पण वेगळे. आणि तिसरा प्रकार नुसत्या वरवर कोरलेल्या चित्राचा. तो पॉलिशच्या एका हातात पुसला जातो. म्हणूनच विकणारा त्या पात्याला हात लावू देत नाही.

पात्यावर नाव किंवा ठसा आहे? इथे मला सगळ्यांत जास्त थांबायचे आहे, कारण इथे खरे आणि खोटे एकमेकांत मिसळतात. मराठ्यांना युरोपातून आलेली पाती प्रिय होती, ‘फिरंग’ हे तलवारीचे नावच त्यावरून पडले. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कित्येक कट्यारींना अशीच युरोपीय तलवारींची पाती रिव्हेट मारून बसवलेली आहेत. 1855 मध्ये तिथले शेवटचे भोसले राजे वारले, पुढे ती शस्त्रे पांगली, काही मद्रासच्या संग्रहालयात गेली, काही परदेशी संग्रहांत. आता गंमत पाहा : जर्मनीतल्या पासाऊच्या लोहारांचा धावत्या लांडग्याचा ठसा झोलिंगनचे लोहार शेकडो वर्षांपूर्वीच आपल्या पात्यांवर मारत होते. आंद्रेआ फेरारा या कारागिराचे नाव इतक्या पात्यांवर सापडते की एका माणसाकडून तेवढी होणे शक्यच नाही. इस्फहानच्या असदुल्लाच्या सहीचेही तेच. म्हणजे तुमच्या हातातला ठसा खोटा आणि पाते तीनशे वर्षांचे अस्सल, असे खुशाल असू शकते. ठसा बोटाने झाका. उरलेले पाते काय सांगते ते ऐका. मगच बोट काढा.

ठशासारखीच कथाही झाकता आली पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै 2024 मध्ये साताऱ्याला आली, लोकांनी भक्तिभावाने पाहिली. ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडची. 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या हातात हीच होती का, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. मला हे वाक्य त्या शस्त्राइतकेच मोलाचे वाटते. वस्तू आणि तिची कथा यांची पारख वेगवेगळी करायची असते, आणि एवढ्या मोठ्या नावापुढेही ती तशीच करता येते. मग ‘नाव सांगायला हरकत आहे’ म्हणणाऱ्या दुकानदाराला कागद मागायला आपण का संकोचावे? 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडच्या पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परवाना मागा. अस्सल व्यापारी रागावणार नाही.

कट्यार पुन्हा फडक्यावर ठेवा. नक्षीच्या खाचांत एकदा शेवटचे पाहा. तिथे लालसर काही साचलेले दिसले तर ते नखाने उकरू नका. मी एका घरात पाहिलेल्या कट्यारीच्या मुठीत तेलात मुरून काळवंडलेले कुंकू होते, वर्षावर्षाच्या खंडेनवमीचे, थरावर थर. त्या घरात ना कागद होता, ना कोणते मोठे नाव. पण त्या थरांनी जे सांगितले ते कोणत्याही ठशाने सांगितले नसते. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा घरच्यांनी मोठ्या मायेने ती चिंच आणि राखेने घासून लख्ख केली होती. कुंकू गेले होते, सोन्याच्या तारा गेल्या होत्या, कानशीचे ओरखडेही बुजले होते. आता ती परक्या माणसाला कालची वाटेल.

तुमच्या घरी असे काही असेल तर येत्या खंडेनवमीला ते कोरड्या मऊ फडक्याने पुसा, कुंकवाचे बोट लावा आणि तसेच ठेवून द्या. घासू नका.