ब्यूरेस्कचा कोळसा

पुढची काही मिनिटं एका बोटीला देऊ या. घाई नको. नाव ब्यूरेस्क, इंग्रजांची मालवाहू आगबोट. साल १९१४, सप्टेंबर अखेर, सिलोनच्या पश्चिमेचा समुद्र.

आधी बोटही नको, झेंडाही नको. फक्त तिच्या पोटातला कोळसा मनात आणा. सुमारे ६,६०० टन, वेल्सच्या खाणींतला. कुणीतरी जमिनीखाली आडवं पडून, दिव्याच्या उजेडात तो फोडला. चांगला जळतो, धूर थोडा, ताव मोठा, म्हणून प्रत्येक आरमाराला हाच हवा. आपल्याकडच्या बंगाली कोळशाचा धूर काळाकुट्ट. आणि भर समुद्रात धूर म्हणजे शत्रूला आपणहून दिलेला पत्ता. धुराची ही गोष्ट लक्षात असू द्या.

हा कोळसा ब्रिटिश आरमारासाठी हाँगकाँगला निघाला होता. २७ सप्टेंबरला जर्मन क्रूझर एमडेनने त्याची वाट अडवली. पाचच दिवसांपूर्वी तिने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या होत्या. तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर. पाठलागावरच्या ब्रिटिश नौकांपेक्षा त्याला जास्त छळत होत्या त्या स्वतःच्याच भट्ट्या. त्यांना रोज खायला हवं आणि निर्धास्तपणे कोळसा भरावा असं बंदर आसपास एकही नाही. पकडलेल्या बहुतेक बोटी तो माणसं उतरवून घेऊन बुडवत असे. ब्यूरेस्क त्याने ठेवली. तिच्यावर आपले अधिकारी आणि खलाशी चढवले, आणि ती एमडेनच्या मागून चालू लागली.

इथे थोडं थांबू. ज्या नौकांनी एमडेनला शोधायचं, त्यांच्याच आरमाराचा कोळसा आता एमडेनला पळवत होता. तो तेवढाच तापला, तेवढीच वाफ झाली. एखाद्या भट्टीत तो रुसून बसला असता तर? हसू येतं खरं, पण हा प्रश्न लगेच सोडू नका.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बोटी दिएगो गार्सिया बेटावर पोचल्या. तिथल्या लोकांना महायुद्ध सुरू झाल्याचं ठाऊकच नव्हतं. जर्मनांनीही ते सांगितलं नाही. उलट तिथली एक बिघडलेली मोटरबोट दुरुस्त करून दिली. मला या सगळ्या कहाणीत हे बेट फार आवडतं. नारळीखाली युद्ध नाही, आणि नांगरलेल्या दोन बोटींवर ते पुरेपूर आहे. ब्यूरेस्कमधून एमडेनमध्ये कोळसा भरणं चाललेलं डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्ताजवळचं ऊन, पाठीवर ओझी, घामात कालवलेली काळी भुकटी. अंगावर ती चढली की खलाशी कोण आणि अधिकारी कोण, ओळखू येणं कठीण.

आता ९ नोव्हेंबर, कोकोस बेटं. एमडेनने तारघर मोडायला पन्नासेक माणसं डायरेक्शन बेटावर उतरवली. कोळसा घेऊन ब्यूरेस्कने यावं, असं ठरलेलं. तारघरातल्यांनी मात्र मदतीची हाक आधीच देऊन टाकली होती.

मनानेच एमडेनच्या डेकवर उभे राहा. सकाळचे नऊ. क्षितिजावर धूर दिसतो. आली वाटतं आपली ब्यूरेस्क! ज्याची वाट पाहतो, तेच डोळ्याला दिसतं. त्या धुराकडे बघत राहा. तो मोठा होतो, फार वेगाने मोठा होतो. कोळशाची बोट इतकी जोरात कशी येईल? तो धूर सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरचा होता.

लढाईचं वर्णन पुस्तकांत हवं तेवढं आहे, मी त्यात रेंगाळत नाही. सिडनीच्या तोफा मोठ्या होत्या. दुपारच्या आत एमडेन नॉर्थ कीलिंगच्या खडकांवर चढली होती आणि तिच्यावरची सव्वाशेहून जास्त माणसं गेली.

आणि तेव्हा खरी ब्यूरेस्क दिसली. सिडनीने तिला गाठलं, पण तिच्यावरच्या जर्मनांनी बुडाच्या झडपा उघडून मोडूनही टाकल्या होत्या. सिडनीचा कप्तान ग्लॉसॉप याने आपल्या अहवालात बोटीवरची माणसं मोजली आहेत: जर्मन तुकडीतले तीन अधिकारी, एक वॉरंट ऑफिसर, बारा खलाशी, शिवाय एक इंग्रज स्ट्यूअर्ड, एक नॉर्वेजियन आचारी आणि अठरा चिनी.

या अठरांपाशी बसा. मुंबईच्या बोटींवर भट्टीत कोळसा ढकलणाऱ्याला आगवाला म्हणत. कप्तानाचं नाव बंदरभर, आगवाल्याचं त्याच्या घरापुरतं. इथेही नुसता आकडाच आहे. बोट इंग्रजांची होती तेव्हा हे लोक काम करत होते. मग सहा आठवडे हुकूम जर्मन भाषेत आले, तेव्हाही बोट चालतच राहिली. कोळशाला विचारलं नाही, तसं यांनाही कुणी विचारलं नसावं. पण कोळशाला घरी पैसे पाठवायचे नव्हते.

ग्लॉसॉपने सगळ्यांना सिडनीवर घेतलं, बुडत्या ब्यूरेस्कवर चार गोळे झाडले आणि तो एमडेनकडे परत वळला. त्या सहा आठवड्यांचा पगार अठरा जणांनी कुणाकडे मागायचा होता?