विरह कोणाचा, वाणी कोणाची?

चिखलदऱ्यानजीकचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला. तोफा आणि खिंडारे यांची नोंद इतिहासात आहे. तटावर पडलेल्या भोसल्यांच्या शिपायाला अखेरीस कोणाची ओढ लागली, याची नाही. ही उणीव होनाजी-परशरामांच्या त्याच काळातील लावणीने भरून निघते काय? तेथे मोहिमेवर गेलेल्याचा विरह घरची स्त्री बोलते. शौर्याला बाध येऊ नये म्हणून त्याची व्याकुळता तिच्या मुखी घातली गेली, असे म्हणता येईल. परंतु तिचे शब्दही शाहिराचे, म्हणजे पुरुषाचेच. वस्तुतः दोघेही अबोल राहतात. म्हणूनच अशा लावणीला निव्वळ शृंगार ठरविणे हा केवळ रसविचारातील प्रमाद नव्हे, नैतिक प्रमादही होय. तिच्या प्रतीक्षेमागे त्याच्या मरणाची शक्यता उभी असते. ती न वाचणारा समीक्षक त्या शिपायाला दुसऱ्यांदा अनाम करतो.