कांदा कुणाचा?

‘कांद्याने सरकार पाडलं’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की कुठल्या कांद्याने, महागलेल्या की भाव पडलेल्या, असं कुणी विचारत नाही. १९८०च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याची महागाई प्रचारात आणली आणि या वाक्याचा अर्थ ठरून गेला. १९९८मध्ये दिल्लीत तो पक्का झाला. कांदा भडकलेला, निवडणूक जेमतेम दीड महिन्यावर, तेव्हा भाजपने सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केलं. त्यांच्या तोडीचं वक्तृत्व फार थोड्यांकडे होतं. तरी ७०पैकी ५२ जागा काँग्रेसने नेल्या. महागाईपुढे कुठल्याच चेहऱ्याचं चालत नाही, हे मला तेव्हा पुरतं पटलं होतं.

पण तो दिल्लीच्या गिऱ्हाइकाचा कांदा होता. पिकवणाऱ्याचा कांदा मतपेटीत उतरलेला पाहायला २०२४ उजाडावं लागलं.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ते दिवस लाल कांद्याचे. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, भाव नसेल तर थांबता येतं. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकायचा. लासलगावच्या लिलावात ट्रॉलीपाशी उभ्या शेतकऱ्याने पुकारलेला भाव ऐकला, तरी माल माघारी नेऊन तो करणार काय? ४ मे रोजी बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान दराची अट ठेवून. तोवर लाल कांदा पडेल त्या भावाने गेलेला होता.

२० मे रोजी याच कांदा पट्ट्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मतदान झालं आणि भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या. निवडून आले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. साध्या माणसाची ओढ म्हणावं, तर एक आकडा आडवा येतो. भगरेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली आणि त्यालाही लाखावर मतं पडली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. राग घेऊन माणसं केंद्रावर आली, पण यंत्रापुढे अनेकांना उमेदवार ओळखीचा नव्हता.

नोव्हेंबरमध्ये याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा भाजपच्याच महायुतीने जिंकल्या. ‘लाट ओसरली’ म्हणून हे सुटत नाही. सप्टेंबरात किमान दराची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. शिवाय विधानसभेला उमेदवार ओळखीचे होते. येवल्यातून छगन भुजबळ २००४पासून निवडून येताहेत. तिथे नावाची गफलत कोण करणार? आमदार म्हणजे दहाव्याला येऊन बसणारा, तहसीलदाराला फोन लावणारा माणूस. केंद्राच्या धोरणावरचा राग त्याच्यावर काढायला हात सहज धजावत नाही.

आणि राज्य सरकारची ‘लाडकी बहीण’ योजना. महिना १५०० रुपये, मतदानापूर्वी पाच हप्ते. कांद्याची हिशोबपट्टी बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाने फाटते. हे पैसे बाईच्या खात्यात आले. मे महिन्यात ‘कांदा उत्पादकाचं मत’ असं मी सहज म्हणत होतो, तेव्हा कांदा खुडायला वाकलेली, बारीक गोल्टी कांदा वेगळा काढणारी त्या घरातली बाई माझ्या हिशोबात नव्हतीच.