न लागलेली आग

आमच्या गौलीगुड्यातल्या जुन्या बसस्थानकाचा हँगर ५ जुलै २०१८ रोजी कोसळला. जुनी माणसे त्याला मिसिसिपी हँगर म्हणत. मुळात विमानांसाठी असलेली ती लोखंडी कमान. तिच्याखाली १९३२ सालापासून बसगाड्या उभ्या राहू लागल्या. त्याच साली निजामाच्या रेल-रोड खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. पुढे १९९४ मध्ये मुसीच्या पात्रात नवे मोठे स्थानक झाले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या, तरी शहरातल्या गाड्या इथूनच सुटत. लक्षणे ठीक दिसेनात म्हणून काही दिवस आधीच गाड्या आणि उतारू तिथून हलवले होते. त्यामुळे एवढे लोखंड खाली येऊनही कुणाला इजा झाली नाही.

हलवाहलव करणाऱ्यांना सगळ्यांनी शहाणे म्हटले, आणि ते योग्यच होते. पण तोच हँगर आणखी दहा वर्षे उभा राहिला असता तर? हीच माणसे भित्री ठरली असती, उतारूंचे हाल केले म्हणून शिव्या खाल्ल्या असत्या. निर्णय तोच, दिसणारी लक्षणे तीच. मग निर्णयाचा बरेवाईटपणा ठरतो कशावर? तो घेताना जे दिसत होते त्यावर, की नंतर जे घडले त्यावर?

हा प्रश्न त्या दिवसांत माझ्यासाठी पुस्तकातला नव्हता. हँगर पडला त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी आमच्या मॅटॅडोरखाली पाठीवर पडून असे. बजाज टेम्पोने १९६९ पासून काढलेली ही गाडी मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. लग्नाचे वऱ्हाड, दुधाच्या किटल्या, तुळजापूर-गाणगापूर, सगळे तिने वाहिले. आमची तिसऱ्या हातची होती. मागची बाकडी काढून मी फळ्यांचा बिछाना केला, पाण्याचा पिंप बसवला, दोन दिवे, एक पंखा आणि त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी. पुतलीबावलीच्या दुकानांतून सामान आणायचे आणि घरी बसवायचे. ब्रेकचे काम तेवढे उस्तादाकडे दिले. तिथे हौसेला जागा नाही.

हा सगळा खटाटोप आत्यासाठी होता. वय चौऱ्याऐंशी, मांडीचे हाड मोडून जुळलेले. पंढरपूर इथून सुमारे पावणेचारशे किलोमीटर, एवढा वेळ तिला बसवत नसे. आडवे पडून जाता आले असते. रुग्णवाहिका करू म्हटले तर म्हणाली, "तसल्या गाडीतून विठोबाकडे जायचं नाही मला. तो विचारील, बाई, आलीस का आणली?" आषाढी २३ जुलैला होती.

जूनमध्ये दिव्यांची तार ओढताना मी फ्यूजची पेटी उघडली. आधीच्या कुणी मालकाने फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारा पिळून घातल्या होत्या. आपल्याकडे ही युक्ती घरोघर चालते. फ्यूज सारखा उडतो ना, मग न उडणारा घाला. पण फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतोच, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. साठ वॅटचे दिवे बारा व्होल्टवर पाच अँपिअर घेतात. तीच तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते, आणि बारीक तार काही क्षणांत लाल होते. शिवाय गाडीचा सगळा पत्राच परतीची तार असतो, म्हणजे टेकायला जागा सर्वत्र. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त. लाकूड आणि गादी यांना झटक्याशी काय कर्तव्य?

फ्यूज नवे घालून भागले असते तर तासाभराचे काम होते. पण बॅटरीकडून येणारी मुख्य केबल जिथे पत्र्यातून पलीकडे जाते तिथले रबरी कडे गळून गेले होते. कडेने कापत कापत केबलचे आवरण झिजले होते, आत तांबे चमकत होते. या केबलवर फ्यूज नव्हता आणि तिच्यावाचून गाडी सुरू होत नव्हती. आत्या म्हणाली होती, "मला तुझा दिवा नको, पंखा नको, अंधारात येते." पण दिवा-पंखा काढून प्रश्न सुटत नव्हता. केबलीचा पुढचा भागही तसाच उकललेला निघाला. सगळे वायरिंग नवे करणे आले.

दोन इलेक्ट्रिशियन बघून गेले. एक म्हणाला, "टेप लपेट देतूं साब, कुछ नै होता." दुसऱ्याचेही मत तेच. खरे सांगायचे तर बहुतेक काहीच झाले नसते. ती गाडी तशाच केबलीवर कित्येक वर्षे धावली होती. दादाचा मुद्दा हाच. "इतकी वर्षं जळली नाही, ती नेमकी त्याच रात्री जळणार होय? तुला पंढरपूर नको, तुला पाना हवा."

दादाचे हे दुसरे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. हौशी माणसाला काम वाढवण्याचा मोह असतो, हे मी जाणतो. पण माझा हेतू शुद्ध होता की मिश्र, याने केबलीच्या आवरणात काही फरक पडत नव्हता. आणि त्या बिछान्यावर जी झोपणार होती तिला गाडी पेटली तर उठून बाहेर पडता येणार नव्हते. तोललेच तर एका ताटात संभव होता, लहानसा. दुसऱ्या ताटात निश्चित गोष्ट होती: चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाची आषाढी पुढे ढकलायची नसते.

काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपले. कार्तिकी १९ नोव्हेंबरला होती. आत्या नवरात्रात गेली.

याच जातीचे एक मोठे उदाहरण हैदराबादकरांना ठाऊक आहे. सन २००० उजाडताना संगणकांत साल दोन आकडी लिहिलेले असल्याने घोटाळे होतील अशी भीती होती. 'वाय-टू-के' म्हणत. जगभर हजारो माणसांनी ते आकडे शोधून दुरुस्त केले, इथली कितीतरी पोरे त्याच कामावर अमेरिकेला गेली. १ जानेवारीला फारसे काही बिघडले नाही, आणि लोक म्हणाले, उगीच बाऊ केला! दुरुस्तीचे हे असे आहे. ती नीट झाली की ती करायची गरज होती याचा पुरावाच नाहीसा होतो. हँगर पडला, म्हणून तिथल्या माणसांना साक्षीदार मिळाला. फळाची आशा नको असे आपण पोथीत वाचतो, पण तिथे निदान फळ असते. इथे मी कशाकडे बोट दाखवायचे?

नियम म्हणून मी तेच पुन्हा करीन, असे मला वाटते. माणूस म्हणून आत्याच्या रिकाम्या खाटेसमोर हे वाक्य मोठ्याने बोलण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्यांची बेरीज करून एक उत्तर काढणारे गणित मला येत नाही. गाडी नंतर तीनदा पंढरपूरला जाऊन आली. दिवे लागले, पंखा फिरला.

केबलीचा तो झिजलेला तुकडा मी कापून ठेवला होता. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा तो दादाच्या हातावर ठेवला. उघड्या तांब्यावरून त्याने अंगठा फिरवला. चष्मा वर करून पाहिले, नाकाशी नेऊन वास घेतला.

"जळलेली तर नाही," तो म्हणाला, आणि तुकडा माझ्याकडे परत दिला.