शुमान ऐकताना

रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराचं नाव निघालं, की बहुतेक जण त्याच्या वेडाविषयीच बोलतात. मला आधी 1840 साल आठवतं. पियानोवादक क्लाराच्या वडिलांशी कोर्टात झगडून शुमानने तिच्याशी लग्न केलं ते त्याच वर्षी, आणि त्याच वर्षात शंभराहून अधिक गीतंही रचली. चारच वर्षांनी मन इतकं खचलं, की काम जवळपास थांबलं.

1854च्या फेब्रुवारीत त्याला रात्रंदिवस सूर ऐकू येऊ लागले. देवदूत गातात, म्हणायचा. मग तेच आवाज राक्षसी व्हायचे. त्यातल्या एका सुरावटीवर तो पियानोरचना लिहीत होता. त्याच दिवसांत त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, लोकांनी वाचवलं. बॉनजवळच्या एंडेनिखच्या रुग्णालयात तो स्वतःच्या इच्छेने गेला. तिथे डॉक्टरांनी क्लाराला दोन वर्षांहून अधिक काळ त्याला भेटू दिलं नाही. का, तर रुग्ण अस्वस्थ होईल! मला तर हा उपचारच आजाराहून निर्दय वाटतो. ती भेटली तेव्हा त्याचे दोनच दिवस उरले होते.

पुढे क्लाराने त्याचं संगीत युरोपभर वाजवलं. त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, मात्र प्रकाशित होऊ दिला नाही. त्यावर आजाराची छाया आहे, असं तिला वाटे. लोकांनी तो ऐकला 1937 साली. मला त्यात आजार शोधूनही सापडत नाही.