कच्च्या लिंबाची मुदत

मराठी मुलांच्या खेळात एक खास पद असतं: कच्चा लिंबू, किंवा लिंबूटिंबू. धाकटं भावंड रडून मागे लागलं की त्याला खेळायला घ्यायचं, धावू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ते कधी बाद होत नाही, आणि म्हणूनच त्याच्या असण्यानं डावात काही बदलतही नाही. बंगालीत अशा मुलाला ‘दुधभात’ म्हणतात. अनुवाद करणाऱ्या माझ्यासारखीला दोन्ही शब्दांतली माया भावते. शिवाय दोन्हींत एक मुदत दडलेली आहे. लिंबू पिकतं, दुधभात खाणारं मूल भाकरी खाऊ लागतं, पुढच्या सुट्टीत त्याच्यावर राज्य येतं.

पण ज्या मुलाचं अपंगत्व पुढच्या सुट्टीतही असणारच आहे, त्याचं काय? बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांवरच्या २०१७च्या मराठी चित्रपटानं ‘कच्चा लिंबू’ हेच नाव घेतलं. तिथे या शब्दातली मुदत संपलेली आहे. तो लिंबू कच्चाच राहणार, असं जगानं ठरवून टाकलं आहे.

चंदीगडच्या सेक्टरांचे आकडे मोहालीतही पुढे चालू राहतात. तिथल्या सेक्टर ६७मध्ये, आमच्या गल्लीत, संध्याकाळी क्रिकेट रंगतं. उभ्या गाडीला चेंडू लागला तर बाद, भिंतीपलीकडे गेला तर बाद, एक टप्पा पडून एका हातानं झेलला तरी बाद. एक मुलगी वॉकर घेऊन येते. तिला बॅट मिळते, आणि मोठी माणसं ओट्यावरून बजावतात, हिला आऊट करू नका. मुलं ऐकतात. दोन चेंडूंनंतर क्षेत्ररक्षक आपसांत गप्पा मारू लागतात. त्यात दुष्टपणा नाही. जी बाद होऊ शकत नाही तिच्या फटक्याकडे लक्ष देण्याचं कारणच उरत नाही.

दयेनं दिलेली सूट माणसाला खेळात घेते आणि त्याच क्षणी खेळाबाहेर ठेवते, असं मला वाटतं. यावर उत्तर येतं की नियम बदलले तर खेळ खरा राहत नाही. पण उभ्या गाडीसाठी नियम करणारी मुलं एका मैत्रिणीसाठी का करू शकणार नाहीत? अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो, गोलंदाज तो खालून, सरपटत टाकतो, आणि पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दोन मोजली जाते. तरी तो त्रिफळाचीत होतोच. १९९८ साली दिल्लीत याच नियमांच्या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. नियम सर्वांना आधी माहीत असतो, म्हणून तो उपकार ठरत नाही.

आपले जुने खेळ तर याहून पुढे गेलेले आहेत. लंगडीत धडधाकट मूल एक पाय उचलतं, आंधळी कोशिंबिरीत डोळ्यांना रुमाल बांधतं. शरीराची उणीव आपण केव्हाच खेळाचा नियम केली. ज्याची उणीव खरी होती, त्याला मात्र कडेला बसवलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम १६ शाळांना सांगतं की शिक्षणाबरोबर खेळाची आणि मनोरंजनाचीही संधी इतरांच्या बरोबरीनं द्या. पी.टी.च्या तासाला एखाद्या मुलाच्या हाती गुणांची वही देऊन सावलीत बसवलं की ही बरोबरी होत नाही. शिक्षकानं करायचं ते साधं आहे, पण सोपं नाही: खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना गोल बसवावं, आज नियम काय असावेत ते विचारावं, आणि पहिला प्रश्न त्या मुलालाच करावा. कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाला आज नुसतं शेजारी उभं राहायचं असतं. तेही ऐकावं. पण ते त्या मुलाकडून ऐकावं, त्याच्या वतीनं आपण ठरवू नये.

बरोबरीत दुखापतही आहे. बाद झालेलं मूल रडेल, भांडेल, ‘हे चीटिंग आहे’ म्हणून ओरडेल. त्या रडण्यापासून त्याला वाचवण्याचा मोह मोठ्यांना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही हरल्यावर भांडण्याचा हक्क फक्त खेळाडूला असतो, प्रेक्षकाला नसतो.